बंद पडलेल्या चेनसॉची पारख

पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजेच चेनसॉ, कोकणातील आंबा-काजूच्या बागांपासून नगरपालिकांच्या उद्यान विभागांपर्यंत आता सर्वत्र दिसू लागली आहे, आणि जे यंत्र मोठ्या संख्येने विकले जाते त्याच्या बिघडलेल्या नगांचाही काही वर्षांत आपोआप बाजार तयार होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले, तेव्हा रस्त्यांवर, घरांवर आणि वाड्यांमध्ये आडव्या झालेल्या झाडांपुढे कुऱ्हाड आणि हातकरवत अपुरी पडली. अशा गरजेच्या वेळी घाईने घेतलेली, सवय नसलेल्या हातांत गेलेली आणि अंदाजाने ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर दिवसभर राबवलेली यंत्रे पुढे पडवीच्या कोपऱ्यात जातात आणि कधीतरी ‘थोडेसे काम आहे, बाकी मशीन चांगले आहे’ एवढ्या शिफारशीवर विक्रीला येतात. त्यांच्यावर पैसे घालावेत की नाहीत, हे यंत्र कशामुळे बंद पडले ते कळल्याखेरीज ठरवता येत नाही; बहुतेक ग्राहक मात्र दोरी ओढून यंत्र चालू होते का, एवढेच पाहतात आणि त्या एका परीक्षेवर व्यवहार करून मोकळे होतात.

ही परीक्षा अपुरी का, हे समजण्यासाठी इंजिनाची रचना थोडी जाणून घ्यावी लागते. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक प्रकारचे असते, म्हणजे पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली सरकला, क्रँकचा एक फेरा पूर्ण झाला, की मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही सारी कामे उरकलेली असतात. मोटारीच्या इंजिनात असतात तसे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह येथे नसतात; सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट नावाच्या खिडक्या ठेवलेल्या असतात आणि पिस्टन सरकताना त्या आळीपाळीने उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर गेला की त्याच्या खालच्या बंद कोठडीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाब कमी होऊन कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल आत ओढले जाते, आणि तो खाली आला की तेच मिश्रण बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. या रचनेत वंगणाचे ऑइल वेगळे साठवलेले नसते. क्रँकचे बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडरची भिंत या सर्वांना जे काही वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधूनच मिळते. चांगल्या प्रतीच्या ऑइलचे प्रमाण बहुधा एका लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक, असे सांगितलेले असते, तर साधे ऑइल वापरताना किंवा अनेक स्वस्त यंत्रांसाठी ते एका लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे पंचविसास एक, इतके ठेवावे लागते. पूर्ण वेगाला हे इंजिन मिनिटाला १२ हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक फेरे घेते, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २०० वेळा मिश्रण पेटते, आणि एवढ्या उष्णतेतून पिस्टनला वाचवणारा ऑइलचा थर अगदी पातळ असतो.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि बिघडलेल्या यंत्राची पारख जवळजवळ पूर्णपणे त्यांच्यावर उभी आहे. पहिली अशी की ऑइल न घालता नुसते पेट्रोल भरले, तर पिस्टन काही मिनिटांत तापून सिलिंडरला धरतो. दुसरी गोष्ट पुष्कळ कमी लोकांच्या ध्यानात येते: क्रँककेस ही हवाबंद कोठडी असल्यामुळे तिला कुठेही बारीक गळती लागली, म्हणजे क्रँकच्या टोकांवरचे ऑइल सील कडक झाले, सिलिंडरखालचे पॅकिंग फाटले किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणाऱ्या रबरी नळीला चीर गेली, तर यंत्र बाहेरची हवा ओढते, मिश्रणातील पेट्रोल आणि त्यासोबतचे ऑइल कमी पडते आणि प्रमाण अचूक ठेवूनही पिस्टन जळतो. मेकॅनिक याला ‘मशीन एअर घेते’ असे म्हणतात. केवळ पिस्टन आणि सिलिंडर बदलून दिलेले यंत्र महिन्याभरात पुन्हा त्याच कारणाने बंद पडते तेव्हा बहुधा ही गळती तशीच राहिलेली असते, आणि मग दोष नव्या सुट्या भागांच्या माथी मारला जातो.

पिस्टनवर ओरखडे पडलेले इंजिन कित्येकदा थंड असताना व्यवस्थित चालू होते, कारण पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या फटीत साचलेले ऑइल थोडा वेळ दाब धरून ठेवते. इंजिन तापले आणि ऑइल पातळ झाले की दाब सुटतो, आणि मग बंद केलेले यंत्र कितीही दोरी ओढली तरी पुन्हा दाद देत नाही. म्हणून चालू स्थितीतले यंत्र पाहायला मिळाले, तर ते थंड असल्याची हाताने खात्री करून घ्यावी, दहा मिनिटे लाकडात चालवावे, बंद करावे आणि लगेच पुन्हा चालू करून पाहावे. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडले की संपलेल्या इंजिनाचाही दाब तात्पुरता वाढतो. विक्रीच्या आधी असे केलेले असेल तर पहिली काही मिनिटे यंत्र नेहमीपेक्षा दाट पांढरा-निळा धूर टाकते. थ्रॉटल सोडल्यानंतरही इंजिनाचा वेग लगेच न उतरता काही क्षण चढाच राहिला, किंवा यंत्र एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर कलते केल्यावर मंद गतीचा आवाज बदलला, तर हवेच्या गळतीचा संशय घ्यावा. असे ‘चालू’ यंत्र बंद यंत्रापेक्षा वाईट सौदा ठरू शकते, कारण त्याची किंमत चालू यंत्राची मागितली जाते आणि पिस्टन जळण्याचे काम पुढच्या मालकाकडे होते.

बंद यंत्राची तपासणी करण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे सायलेन्सर. बहुतेक चेनसॉवर तो दोन-तीन बोल्टांवर बसवलेला असतो आणि तो काढला की धूर बाहेर जाण्याच्या पोर्टमधून पिस्टनची एक बाजू समोर दिसते. प्लग काढून ठेवावा, स्टार्टरची दोरी अगदी हळू ओढत पिस्टन वर-खाली न्यावा आणि बॅटरीच्या उजेडात आधी त्याचा खालचा गुळगुळीत भाग, मग रिंग आणि शेवटी माथा असे तिन्ही भाग पाहावेत. निरोगी पिस्टनच्या अंगावर कारखान्यात घडवताना उमटलेल्या अतिशय बारीक आडव्या रेषा शाबूत असतात, त्यावर तपकिरी डाग किंवा थोडी काजळी असली तरी बिघडत नाही, आणि रिंग आपल्या खाचेत सैल असून बोटाच्या किंवा लाकडी काडीच्या दाबाने किंचित आत जाऊन परत वर येते. याउलट उभे ओरखडे दिसले, ॲल्युमिनियम विस्कटल्यासारखे पसरलेले दिसले, रिंग खाचेत चिकटून बसलेली असली, तर पिस्टनने सिलिंडर धरल्याची ती खूण आहे. ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला आणि कोरडे असतील, तर ऑइलचा अभाव किंवा हवेची गळती हे कारण असते, कारण तीच बाजू सर्वाधिक तापते. कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूने पाहता येते आणि तिकडच्या आडव्या रेषा पुसल्या जाऊन पृष्ठभाग राखाडी, मंद झालेला असेल, तर फाटलेल्या किंवा नीट न बसवलेल्या एअर फिल्टरमधून लाकडाचा भुसा आणि धूळ आत गेलेली असते. पिस्टनच्या माथ्यावर टोचल्यासारखे खड्डे असतील, तर बेअरिंगचा किंवा रिंगचा तुकडा आत फिरून गेला आहे असे समजावे, आणि अशा यंत्राचे क्रँककेस पूर्ण उघडल्याशिवाय कसलाही अंदाज देता येत नाही. एवढे सारे पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. सायलेन्सरचे बोल्ट उघडू देण्यास विक्रेता तयार नसेल, तर ते यंत्र भंगाराच्या भावाखेरीज घेऊ नये.

दाबाची परीक्षा यानंतर येते. हाताशी कोणतेही साधन नसेल तर प्लग जागेवर ठेवून, स्विच बंद करून, स्टार्टरच्या मुठीने यंत्र उचलून लटकवावे. चांगले इंजिन प्रत्येक दाबाला अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते आणि झिजलेले सरळ घसरत जाते. मोठ्या यंत्रांना दोरी ओढणे सोपे व्हावे म्हणून दाब सोडणारे लहान बटण असते, ते बंद आहे ना हे आधी पाहावे. दाब मोजण्याचे मीटर मिळाले तर प्लगच्या जागी ते बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी. पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा पौंडातील दाब, या मापाने १५० किंवा त्याहून अधिक आकडा समाधानकारक असतो, १२० च्या खाली शंका घ्यावी आणि १०० च्या आसपास आलेले इंजिन उघडण्याच्या तयारीनेच घ्यावे. मोटरसायकलसाठी वापरले जाणारे, लांब नळीचे मीटर लहान सिलिंडरवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, कारण नळीतली जागाही दाबाने भरावी लागते; म्हणून आकड्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या पिस्टनवर अधिक विश्वास ठेवणे शहाणपणाचे आहे.

पिस्टन जळालेला असला म्हणजे सिलिंडरही गेलाच, असे मात्र नाही, आणि येथेच पारखी माणसाला चांगला सौदा मिळू शकतो. चांगल्या यंत्राचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा किंवा क्रोमचा अत्यंत कठीण थर चढवलेला असतो. पिस्टन धरतो तेव्हा बहुधा पिस्टनचेच मऊ ॲल्युमिनियम वितळून या थरावर चिकटते आणि पाहणाऱ्याला सिलिंडर खरवडल्यासारखा वाटतो. कॉस्टिक सोड्याचे द्रावण कापसाच्या काडीने फक्त त्या डागांवर लावले की ॲल्युमिनियम फसफसून विरघळते आणि खालचा निकेलचा थर तसाच राहतो. मात्र हे द्रावण सिलिंडरच्या बाकीच्या अंगालाही तितक्याच तत्परतेने खाते, त्यामुळे ते पोर्टच्या कडांवर ओघळू देता कामा नये, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हे काम करू नये आणि शेवटी सिलिंडर भरपूर पाण्याने धुऊन, लगेच कोरडा करून, ऑइलचा हात द्यावा. स्वच्छ झालेल्या भिंतीवरून नख फिरवावे. नख कुठेही अडकले नाही तर नवा पिस्टन आणि रिंग घालून तोच सिलिंडर वर्षानुवर्षे चालतो; नख अडकले किंवा थर निघून खालचा वेगळ्या रंगाचा धातू उघडा पडलेला दिसला, तर तो सिलिंडर निकामी समजावा. मूळ कंपनीचा सिलिंडर वाचवून त्यात चांगला पिस्टन घालणे हे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सिलिंडर-पिस्टनच्या जोडीपेक्षा बहुतेक वेळा चांगले, कारण त्या जोड्यांत पोर्टच्या कडा धारदार राहिलेल्या असतात आणि रिंग त्यांत अडकून तुटते.

बंद पडलेल्या यंत्रांपैकी काही अगदी किरकोळ कारणाने बंद पडलेली असतात आणि त्यांत इंधनाशी संबंधित दोष सर्वांत जास्त आढळतात. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते रबर कडक करते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात टाकीत महिनोन्महिने राहिलेल्या अशा पेट्रोलात पुरेसा ओलावा शिरला की इथेनॉल आणि पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, टू-टी ऑइल मुख्यतः वरच्या पेट्रोलातच राहते, आणि इंधनाचा फिल्टर नेमका टाकीच्या तळाशी पडलेला असल्यामुळे इंजिनाला सुरुवातीलाच जवळजवळ ऑइल नसलेला थर पाजला जातो. यंत्र तेव्हाच चालू झाले नाही तर ते त्याचे भाग्य म्हणावे लागेल. कार्बोरेटरमधला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, कडक झालेला असणे, इंधनाची नळी तडकलेली असणे, फिल्टर चिकटपणामुळे बुजलेला असणे हे सारे दोष थोड्या खर्चात निघतात. ठिणगीची बाजूही अशीच आहे: नवा प्लग सुमारे अर्धा मिलिमीटर अंतर ठेवून लावावा, त्याचे टोक सिलिंडरच्या धातूला टेकवून, पण प्लगच्या उघड्या भोकापासून दूर धरून, दोरी ओढावी आणि ठिणगी पाहावी. ती नसेल तर आधी स्विचची वायर सोडवून पुन्हा पाहावे, कारण कित्येकदा घासली गेलेली वायरच कॉइलला बंद ठेवत असते. त्यानंतर कॉइल आणि मॅग्नेट यांच्यातील अंतर, साधारण ०.३ मिलिमीटर, तपासावे आणि मगच कॉइल गेली असे म्हणावे. पिस्टन स्वच्छ आहे, दाब चांगला आहे आणि तरी यंत्र चालू होत नाही, असे यंत्र समोर आले तर ते घेण्याजोगे आहे, असे जवळजवळ निःशंकपणे म्हणता येते.

पाण्यात बुडालेल्या यंत्रांचा विचार वेगळा करावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुराखाली गेले तेव्हा घराघरांतील आणि दुकानांतील यंत्रसामग्री गाळात बुडाली; अशा पुरातून निघालेला चेनसॉ बाहेरून धुऊन पुसून चांगला दिसू शकतो, पण क्रँककेसमध्ये शिरलेले गढूळ पाणी त्याच दिवशी काढून आत ऑइल सोडलेले नसेल, तर क्रँकच्या पोलादी बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. असे बेअरिंग हाताने फिरवताना खरखर लागते. मॅग्नेटचे चाक धरून ते वर-खाली हलवून पाहावे. त्यात जाणवण्याइतका हिसका असेल तर बेअरिंग संपले आहे. समुद्राचे खारे पाणी याहून घातक, कारण क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते आणि मीठ त्याला खात जाते. त्या धातूवर पांढरी, ठिसूळ भुकटी दिसू लागली असेल तर यंत्र घेण्याचा विचार सोडावा.

झाडाखाली सापडलेल्या किंवा गाडीच्या चाकाखाली आलेल्या यंत्राची मोडतोड दिसायला भयंकर असते, पण तिच्यातील बराचसा भाग प्लॅस्टिकचा असतो. फुटलेले झाकण, वाकलेली पुढची मूठ, मोडलेले स्टार्टरचे घर या वस्तू सुट्या मिळतात आणि पाच-सहा स्क्रूंवर बदलल्या जातात. पाहायचे ते क्रँककेस. बार, म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती लांब पट्टी, ज्या दोन जाड स्टडवर बसतो त्यांच्या मुळाशी, सिलिंडर ज्या चार बोल्टांवर बसतो त्यांच्या कडेला आणि ऑइलच्या टाकीच्या कोपऱ्यांत केसासारखी चीर आहे का, हे पेट्रोलने पुसून, उन्हात धरून पाहावे. येथे यंत्राचा वर्गही महत्त्वाचा ठरतो. व्यावसायिक वापराच्या यंत्रांत, उदाहरणार्थ स्टिल (Stihl) कंपनीच्या एमएस ३८१ किंवा हस्कवर्नाच्या ३६५ या मॉडेलांत, क्रँककेस धातूचे, दोन उभ्या फाकांचे असते आणि सिलिंडर वरून चार बोल्ट काढून उचलता येतो. एमएस १८० किंवा एमएस २५० सारख्या हलक्या वर्गात इंजिन प्लॅस्टिकच्या अंगात बसवलेले असते आणि पिस्टन बदलण्यासाठी ते संपूर्ण बाहेर काढावे लागते. दोन्ही यंत्रे आपापल्या कामाला उत्तम, पण दुसऱ्या प्रकारात मजुरी तुलनेने जास्त आणि यंत्राची मूळ किंमत कमी असल्यामुळे जळालेला पिस्टन दुरुस्त करणे क्वचितच परवडते. ५२ किंवा ५८ सीसी असे लिहून विकल्या जाणाऱ्या, नाव दर वर्षी बदलणाऱ्या स्वस्त यंत्रांबाबत तर मोठी दुरुस्ती विचारातच घेऊ नये. त्यांचे सुटे भाग मिळतात हे खरे, परंतु एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच याचा भरवसा नसतो. नामांकित कंपन्यांच्या मॉडेलांच्या हुबेहूब नकलाही बाजारात असल्याने अंगावरचे स्टिकर पाहून वर्ग ठरवू नये. क्रँककेसवर ठोकलेला क्रमांक असावा, तो खरवडलेला नसावा आणि शक्य तर मूळ बिल मागावे, कारण चोरीचे यंत्र ओळखण्याचाही तोच मार्ग आहे.

इंजिनाच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे राहते आणि तिच्यामुळे माणसे जखमी होतात. बारच्या टोकाच्या वरच्या भागाला फिरती साखळी लाकडात अडली तर संपूर्ण यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. या उसळीला रोखण्यासाठी पुढच्या मुठीसमोरच्या ढालीला जोडलेला चेनब्रेक असतो. इंजिन बंद ठेवून ती ढाल पुढे ढकलावी आणि साखळी हाताने ओढून पाहावी. ती तसूभरही सरकता कामा नये. ढाल तुटलेली, ब्रेकचा पट्टा झिजलेला किंवा ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेला असणे हे जुन्या यंत्रांत वारंवार दिसते. बारच्या खाली, क्लचच्या पुढे एक लहानसा हूक असतो. साखळी तुटली तर ती उजव्या हातावर येण्याआधी तो तिला अडवतो, आणि नेमका तोच भाग हरवलेला असतो. मागच्या मुठीवरचे, थ्रॉटल चुकून दाबला जाऊ नये म्हणून असलेले बटण, मूठ आणि इंजिन यांच्यामधले कंपन शोषणारे रबर, यांचीही अशीच तपासणी करावी. रबर फाटलेल्या यंत्रावर दीर्घकाळ काम केल्यास बोटे बधिर होऊन पांढरी पडण्याचा विकार जडतो. या वस्तू ‘नंतर पाहू’ अशा सदरात टाकणे अक्षम्य आहे. त्या बसवल्याशिवाय यंत्र लाकडाला लावू नये, आणि म्हणून त्यांची किंमत पहिल्या दिवसापासून दुरुस्तीच्या हिशेबात धरली पाहिजे.

बार आणि साखळी या मात्र झिजण्यासाठीच असलेल्या वस्तू आहेत. आज वापरात असलेल्या साखळीच्या दाताचा आकार अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याच्या निरीक्षणातून आला. ओंडका पोखरणारी एका भुंग्याची अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीकडे-उजवीकडे लाकूड कापते, हे पाहून त्याने त्याच धाटणीचा दात घडवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे त्या साखळीचे उत्पादन सुरू केले. साखळी बोथट असेल तर ती कानशीने धार लावून वापरता येते, दात अगदी आखूड झाले असतील तर नवी घ्यावी. बारची खाच रुंद होऊन साखळी तिच्यात डुलत असेल, तर कापणी तिरकी जाते. साखळी फिरवणाऱ्या चक्राच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, दातांवर खोल खाचा पडल्या असतील तर नवी साखळीही लवकर खराब होते. बारच्या ऑइलच्या टाकीत पैसे वाचवण्यासाठी जळके ऑइल ओतण्याची पद्धत सर्रास आहे. त्यातील धातूचा कीस ऑइल पंप झिजवतो, म्हणून यंत्र चालू करता येत असेल तर बारचे टोक पांढऱ्या कागदावर धरून वेग द्यावा आणि ऑइलची रेघ उमटते का ते पाहावे.

आता हिशेब. तो उलट्या बाजूने करावा, म्हणजे विक्रेत्याच्या किमतीपासून सुरुवात न करता त्याच वर्गाच्या नव्या यंत्राच्या किमतीपासून करावा. खरेदी आणि दुरुस्ती मिळून नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त खर्च होऊ नये, ही मर्यादा बरीच सुरक्षित आहे, कारण जुन्या यंत्राच्या बेअरिंगचे उरलेले आयुष्य कोणालाच मोजता येत नाही आणि त्यावर हमी नसते. पद्धत कळावी म्हणून काही आकडे गृहीत धरता येतील. समजा, नवे यंत्र ३६ हजारांचे आहे. निम्मे झाले १८ हजार. पिस्टन स्वच्छ असलेल्या यंत्राला कार्बोरेटरचा संच, नळी, फिल्टर आणि प्लग यांचे दीड हजार, बार, साखळी आणि स्प्रॉकेट यांचे ४ हजार, चेनब्रेकचे दीड हजार आणि मजुरीचे एक हजार धरले, तर दुरुस्ती ८ हजारांवर जाते आणि यंत्रासाठी १० हजारांपर्यंत देता येतात. त्याच यंत्राचा सिलिंडर गेला असेल, तर सिलिंडर-पिस्टनचे ६ हजार, सील आणि बेअरिंगचे अडीच हजार आणि वाढीव मजुरीचे दीड हजार मिळून दुरुस्तीच १८ हजारांवर पोहोचते, म्हणजे ते यंत्र फुकट मिळाले तरी हिशेब जेमतेम जमतो. वर्षातून चार दिवस फांद्या छाटणाऱ्या बागायतदाराने ही मर्यादा थोडी ओलांडली तरी चालेल, परंतु ज्याचे पोट या यंत्रावर आहे त्याने त्यात यंत्र दुकानात पडून राहण्याचे दिवसही मोजावेत. सुट्या भागासाठी तालुक्याच्या गावी विक्रेता असणे आणि नसणे यात एका हंगामाचा फरक पडू शकतो. यंत्र हाती आले म्हणून झाड तोडण्याचा अधिकार मिळत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे: महाराष्ट्रात ठरावीक जातींच्या झाडांसाठी १९६४ च्या कायद्याप्रमाणे आणि शहरी भागांत १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि कामाचा अंदाज बांधून यंत्र घेणाऱ्याने ती आधी पाहावी.

हिशेबात न बसणारे यंत्र अगदी निरुपयोगी असतेच असे नाही. एकाच मॉडेलची दोन बिघडलेली यंत्रे, एकाचे इंजिन जळालेले आणि दुसऱ्याचे अंग चिरडलेले, कमी किमतीत मिळाली तर त्यांतून एक पूर्ण यंत्र उभे राहते आणि वर कॉइल, क्लच, कार्बोरेटर, ऑइल पंप, मुठी असे महागडे भाग हाताशी उरतात. मात्र दोन्हींचे सिलिंडर आधी उघडून पाहावेत, जोडणी करताना ऑइल सील आणि पॅकिंग हमखास नवे घालावे आणि यंत्र लाकडाला लावण्यापूर्वी सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या जागा रबराने बंद करून क्रँककेसमध्ये, दाबाच्या ‘बार’ या मापाने, सुमारे अर्धा बार दाबाची हवा भरावी, जोडांवर साबणाचे पाणी लावावे आणि कुठे बुडबुडा येतो का ते पाहावे. ही चाचणी स्वतः करता येत नसेल तर ती करून देणारा मेकॅनिक शोधावा. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन टाक्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पेट्रोलकडे झुकते ठेवून, पूर्ण वेग सलग न धरता चालवाव्यात आणि मग सिलिंडरचे बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.